आळंदीची चार भावंडे



संन्यास सोडून प्रपंचात परतलेल्या विठ्ठलपंतांच्या मुलांना आळंदीच्या धर्ममार्तंडांनी मुंज नाकारली. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरी वाळीत टाकणे सुटले नाही. शुद्धिपत्रासाठी ही पोरकी भावंडे पैठणपर्यंत गेली. तिथे रेड्यामुखी वेद वदविले, ती कथा सर्वश्रुत आहेच.

पण मांड्यांची कथा अधिक बोलकी. मुक्ताईला मांडे भाजायला खापर हवे होते. विसोबा चाटीने कुंभारांना दम भरला. लहानग्या पोरीला साधे खापरही मिळू नये! तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून स्वतःची पाठ तापविली, मुक्ताईने तीवर मांडे भाजले. विसोबा त्यांचे उष्टे खाऊन शिष्य झाला.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा परंपरेप्रमाणे ज्ञानदेव अवघे १५ वर्षांचे होते. आणि सांगितली ती मराठीत!