तळाची भेग

नारळी पौर्णिमेला मालवणच्या किनाऱ्यावर दर्याला नारळ अर्पण करण्याचा प्रघात जुना आहे. पावसाळाभर वाळूवर विसावलेल्या होड्या पाण्यांत उतरविण्याची त्या सुमारास घाई असते. होडीचा रंग उडाला असला किंवा एखादें वल्हें जुनें झालें असलें, तर तेवढ्यासाठीं तांडेल हंगाम बुडवीत नाहीं. तळाच्या फळीला भेग दिसली, तर मात्र होडी वाळूवरच राहते. कारण भर समुद्रांत ती बुजविण्याची सोय नसते.

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम तयार करणाऱ्यांपुढें दर आवृत्तीच्या वेळीं असाच प्रश्न उभा राहतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि मनुष्य यांच्यामधील कारभारी. या कारभाऱ्याला नाना कंपन्यांच्या यंत्रांशीं जुळवून घ्यावें लागतें. हजार यंत्रांवर निर्वेध चालणारी आवृत्ति एखाद्या विशिष्ट चिपपाशीं अडखळते. अशा प्रत्येक दोषासाठीं थांबावयाचें म्हटलें, तर ती कधींच बाहेर पडणार नाहीं. आणि तिच्यांतील सुधारणांची वाट पाहणारे इतर सारे लोक तिष्ठत राहतील. मग थांबावें तें कोणत्या दोषासाठीं?

थोड्याच यंत्रांना बाधणारा दोष किरकोळ, असें उत्तर प्रथम सुचतें. तें फसवें आहे. १९ ऑक्टोबर २०१७ रोजीं उबुंटूची १७.१० ही आवृत्ति प्रसिद्ध झाली. तिच्या गाभ्यांत इंटेलच्या चिपांसंबंधींचा एक ड्रायव्हर चालू राहिला होता. त्यामुळें कांहीं लॅपटॉपांचा, विशेषतः लेनोव्होच्या कांहीं नमुन्यांचा, बायोस बिघडला. बायोस हा यंत्र सुरू होतांना प्रथम जागा होणारा भाग. त्यांत केलेले बदल टिकेनात. कित्येक यंत्रें पेनड्राइव्हवरून सुरू होईनात. सिस्टिम पुसून नवी बसविली तरी दोष कायमच, कारण तो चिपमध्यें जाऊन बसला होता. डिसेंबरांत ती आवृत्ति वितरणांतून काढून घ्यावी लागली, आणि जानेवारी २०१८ मध्यें तो ड्रायव्हर बंद करून ती पुन्हां देण्यांत आली.

याउलट उदाहरण २००८ सालचें. लिनक्सच्या गाभ्याची २.६.२७ ही आवृत्ति चांचणींत असतांनाच इंटेलच्या कांहीं नेटवर्क कार्डांची अंगभूत स्मृति नासून तीं निकामी होऊं लागलीं. कारण लगेच उमगलें नाहीं. तरी त्या स्मृतीवर लिहिण्यास प्रतिबंध करून मगच ९ ऑक्टोबरला ती आवृत्ति सोडण्यांत आली. पुढें मूळ अपराधी गाभ्याच्या कामाचा माग ठेवणारी एक निराळीच सोय असल्याचें उघडकीस आलें.

डेबियन या प्रकल्पानें दोषांच्या प्रती ठरविल्या आहेत. सारी सिस्टिम मोडणारा, माहितीची गंभीर हानि करणारा किंवा सुरक्षिततेला खिंडार पाडणारा दोष अत्यंत गंभीर गणला जातो. या व्याख्येंत डोकीं मोजलेलीं नाहींत, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. लॅपटॉपचा आवाज येत नसेल, तर त्याचा उतारा मागाहून इंटरनेटवरून धाडतां येतो. तेथें किती जणांची गैरसोय होते हें मोजणें योग्यच. परंतु यंत्रच सुरू होत नसेल किंवा नेटवर्कच तुटलें असेल, तर उतारा पोंचावयाचा कोणत्या वाटेनें?

शहरांतील कचेरींत एक यंत्र बंद पडलें, तर शेजारचें असतें. मालवणांतील एखाद्या घरीं एकुलता एक लॅपटॉप असतो. मुलीच्या महाविद्यालय-प्रवेशाचा अर्ज त्यावरूनच भरावयाचा असतो. त्या घराच्या दृष्टीनें लाखांत एक हा हिशेब पोकळ आहे. यास्तव दोष मागाहून दुरुस्त होण्याजोगा आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. संख्येचा विचार त्यानंतर करावा. सोडून दिलेला प्रत्येक दोष यंत्राच्या नमुन्यासह जाहीर करणें हें कर्त्यांचें कर्तव्य होय. घरच्यांनींही नव्या आवृत्तीसोबतची ती यादी वाचावी, आणि अर्जाची मुदत टळेपर्यंत जुन्या सिस्टिमला हात लावूं नये.