अंगावर पाजणे : सोपे की अवघड?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी "तुम्हीही चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी नाहीच म्हणत होते. मी सातवी शिकलेली बाई. भाषण हा काही माझा प्रांत नव्हे. पण विषय कळला आणि वाटले, या शाळेत आपण बहुतेकजणी बसून आलो आहोत. नव्या बाळंतिणीला बाळाला अंगावर पाजणे सोपे जाते की अवघड, हा तो विषय.

कोणाला विचारावे तर उत्तरे दोन मिळतात. घरातली मंडळी म्हणतात, "त्यात काय अवघड? गाईला वासरू पाजायला कोणी शिकवले?" आणि आठ दिवसांची बाळंतीण एकटी सापडली, तर डोळ्यांत पाणी आणून सांगते, "मावशी, त्यापेक्षा कळा परवडल्या." मला विचाराल तर दोन्ही खरे आहे. दूध येणे ही निसर्गाची करणी. ते बहुतेक जणींना आपोआप येते. पाजणे ही मात्र शिकायची गोष्ट आहे, आणि ती एकटीने नव्हे, आई आणि बाळ या दोघांनी मिळून शिकायची. दोघेही नवखे!

आपण भाकरी थापायला शिकलो ते आठवा. पीठ होते, पाणी होते, हातही होते. तरी पहिली भाकरी परातीतच फाटली. म्हणून कोणी "हिला हातच नाहीत" असे म्हटले का? शेजारी आई बसली होती, तिने पीठ कसे मळायचे ते दाखवले, आणि पंधरा दिवसांत हात बसला. पाजण्याचेही तसेच आहे. पहिले दहा-पंधरा दिवस अवघड, मग सोपे. पण त्या पंधरा दिवसांत शेजारी कोण बसले आहे, यावर सारे अवलंबून असते.

पहिल्या दिवसापासूनच सांगते. बाळंत झाल्याबरोबर पांढरे दूध येत नाही. आधी येतो तो चीक. पिवळसर, दाट, आणि तोही चमच्या-चमच्याने. गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण आवडीने करतो. बाईचा चीक मात्र "जड असतो, बाधतो" म्हणून पिळून टाकायची चाल कित्येक घरांत होती. त्या चिकात बाळाला रोगापासून राखणारी द्रव्ये भरपूर असतात. पहिल्या दिवशी बाळाचे पोटही इवलेसे असते, त्याला तेवढा चीक पुरतो. बाळ जन्मल्यावर तासाभराच्या आत त्याला छातीशी घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या आशाताईंनी मला सरकारी पाहणीतला आकडा दाखवला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली शंभरांतली ८८ हून अधिक बाळंतपणे दवाखान्यात झालेली होती. पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे शंभरांत ४२ सुद्धा नव्हती. म्हणजे दवाखाना दारी आला, पण ही साधी गोष्ट मागेच राहिली.

खरे दूध उतरते ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या मुलीला थोडा अधिक वेळ लागू शकतो. तिनेही घाबरू नये, कुशीवर निजून तिला पाजता येते. आता गंमत पाहा. साधे बाळंतपण असले तर दवाखान्यातून घरी सोडतात तेही साधारण याच सुमारास. छाती दगडासारखी ताठते, बाळ रडते, आणि विचारायला परिचारिका जवळ नसते. पूर्वी एका वाड्यात दोन-तीन तरी लेकुरवाळ्या असत. मुलींनी लहानपणापासून पाजताना पाहिलेले असे. आता दोन खोल्यांच्या घरात मुलगी स्वतःच्या बाळालाच पहिल्यांदा पाजते. तिला अवघड वाटले तर नवल काय?

माझ्या थोरल्याच्या वेळी, २००३ साली, पाचव्या दिवशी माझ्या दोन्ही बोंडांना भेगा पडल्या होत्या. बाळ जवळ आणले की पायाची बोटे आवळून धरायची मी. घरातले म्हणत, "सोसायचे, सगळ्याच सोसतात." एक वयस्क परिचारिका शेजारी राहत होत्या. त्या आल्या आणि बाळ कसे धरायचे ते त्यांनी दाखवले. तेच आज तुम्हाला सांगते. बाळाचे डोके, पाठ आणि कंबर एका ओळीत, पोट आईच्या पोटाला टेकलेले. आईने बाळाकडे वाकायचे नाही. बाळाला आपल्याकडे आणायचे. वरच्या ओठाला बोंड लावले की बाळ जांभई दिल्यासारखा मोठा आ करते. तेव्हाच त्याला जवळ घ्यायचे. नुसते बोंड तोंडात द्यायचे नाही, भोवतालचा काळा भागही बराचसा जायला हवा. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. असे झाले की दुखणे कमी होते आणि बाळाला दूधही भरपूर मिळते. दुखतच राहिले तर करंगळी तोंडात घालून बाळाला हलकेच सोडवावे आणि पुन्हा लावावे. माझ्या भेगा आठवड्याभरात भरल्या. "सोसायचे" या शब्दाने त्या भरल्या नसत्या.

आता ज्या एका वाक्यासाठी मी आज उभी राहिले, त्याकडे येते. ते वाक्य म्हणजे, "दूध पुरत नाही वाटतं."

गेल्या वर्षी माझ्या वन्संची मुलगी माहेरी बाळंत झाली. बारा दिवसांचे बाळ संध्याकाळी फार रडे. भेटायला येणारी प्रत्येकजण पाळण्यात डोकावून हेच वाक्य म्हणे. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. पण चौथ्यांदा ऐकल्यावर पोरगी रडायला लागली, आणि त्या रात्री घरात बाटली आली. बाटलीने बाळ झोपले. सगळ्यांना वाटले, सुटलो. पण दुधाचा कारखाना मागणीवर चालतो. बाळ ओढते तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो आणि दूध तयार होते. रात्रीच्या पाजण्याने तर अधिकच. बाळाचे पोट बाटलीने भरले की ते कमी ओढते, आणि कमी ओढले की दूधही कमी होते. शिवाय दूध तयार होणे निराळे आणि पान्हा सुटणे निराळे. काळजी, भीती, दुखणे यांनी पान्हा अडतो. म्हणजे "पुरत नाही" म्हणता म्हणता ते खरोखरच पुरेनासे होते.

चार दिवसांनी अंगणवाडीच्या ताई आल्या. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. आधीच्या दिवसांत बाळाची लंगोटी किती वेळा ओली होत होती, ते विचारले. दिवस-रात्र मिळून सात-आठ वेळा. वजन केले; जन्मावेळच्या वजनापेक्षा वाढलेले! मग ताई म्हणाल्या, "दूध पुरत होते. पुरत नव्हती ती आईची झोप." त्या दिवसापासून वन्संनी स्वयंपाक आणि पाहुणे सांभाळले, लेकीने फक्त पाजायचे आणि निजायचे. मागेल तेव्हा पाजले, आठवड्यात बाटली सुटली.

तेव्हा मैत्रिणींनो, दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. बाळ गरमीने रडते, पोट दुखून रडते, नुसते कुशीत यायलाही रडते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होते का, ते मोजा. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, ते साधारण दोन आठवड्यांत भरून येते का, ते पाहा. नवे बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पिते. "आत्ताच तर पाजले होते" असे म्हणू नका. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही. उन्हाळ्यातही पाणी नको, कारण दुधात बहुतांश पाणीच असते. मधाचे बोट तर वर्षाच्या आत मुळीच नको, त्याने क्वचित जिवावरचा आजार होतो. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र द्यावे.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. काहींना खरोखरच दूध कमी येते. काहींच्या प्रकृतीमुळे पाजता येत नाही. बाळ सुस्त पडले, ओढेनासे झाले, लघवी कमी झाली, किंवा आईची छाती लाल होऊन ताप आला, तर घरगुती उपाय करीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि अशा आईला कोणी कमी लेखू नये. आईचे दूध न मिळणाऱ्या अशक्त बाळांसाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली दुग्धपेढी निघाली, ती आशियातली पहिली. एकीचे दूध दुसरीच्या बाळाला जीव देते. मग दूध नसणारी ती आई नव्हे, असे कोण म्हणेल?

हिरकणीची कथा आपण लेकींना सांगतो. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण. दरवाजे बंद झाले, आणि घरी तान्हे बाळ म्हणून ती अंधारात कडा उतरली. तिच्या नावाचा बुरूज गडावर आहे, आणि आपल्या एस. टी. स्थानकांवर पाजण्यासाठी केलेल्या खोलीलाही हिरकणी कक्ष असेच नाव आहे. तिच्या धाडसाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण मला नेहमी वाटते, तिला कडा उतरावा लागला तो दरवाजे बंद होते म्हणून. आईची माया कमी पडत नाही, दरवाजे बंद असतात. आजचे बंद दरवाजे कोणते? पाहुण्यांनी भरलेली खोली, जिथे पदर सावरता सावरता पाजायचे. "सोसायचे" हा शब्द. बाळंतिणीच्या गळ्यात पडलेला स्वयंपाक. सहा आठवड्यांत खुरपायला जावे लागणारी मजुरीची बाई, जिला पगारी रजेचा कायदा पोहोचतच नाही.

हे सगळे दरवाजे आपल्याला उघडता येणार नाहीत. पण आपल्या गल्लीतले येतील. म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या आळीत कोणी बाळंत झाली की पहिले पंधरा दिवस आपण पाळीपाळीने जावे. जाताना झबल्या-टोपड्याबरोबर भाजी-भाकरीचा डबा न्यावा. दहा मिनिटे बसावे, जमल्यास दोन बादल्या कपडे धुवावे, आणि "दूध पुरतं का?" असे न विचारता "तू जेवलीस का? झोपलीस का?" एवढेच विचारावे. जिला पाजण्याची उत्तम माहिती आहे तिने, बाळंतिणीने मागितले तरच, धरायची रीत दाखवावी.

अंगावर पाजणे सोपे की अवघड, याचे उत्तर एकट्या बाळंतिणीजवळ नाही, मैत्रिणींनो. ते निम्मे आपल्याजवळ आहे. ते आपण सोपे करूया.