ऑलिम्पिकमध्ये नसलेले ५० मीटर

आमच्या औशाकडं पोहणं विहिरीतच शिकायचं. पाठीला डबा बांधायचा, कुणीतरी काठावरून ढकलायचं, की हातपाय बेडकासारखे चालायचे. ब्रेस्टस्ट्रोक थोडाफार तसाच. आज त्यातल्याच एका पोहणाऱ्याबद्दल, दिल्लीच्या संदीप सेजवालबद्दल बोलतो.

२००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तो १०० आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहला. सोबत आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडेही होता. दोघांनाही पदक नाही. "गेले अन् आले", असंच लोक म्हणतात ना?

पण पुढं बघा. २०१० ला ग्वांगझू आशियाई स्पर्धेत वीरधवलला ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य. २०१४ ला इंचिऑनला संदीपला ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कांस्य, वेळ २८.२६ सेकंद.

अन् अडचण नेमकी इथंच आहे. ऑलिम्पिकला ५० मीटर फक्त फ्रीस्टाइलमध्येच होतं. ५० मीटर म्हणजे सूर मारायचा अन् एका दमात पलीकडचा काठ गाठायचा. १०० मीटरला मध्ये वळायचं, दम राखायचा, तयारीच वेगळी. म्हणजे ज्या शर्यतीत हे दोघं आशियात तिसरे आले, ती ऑलिम्पिकच्या यादीतच नव्हती!

आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये या शर्यती येतायत. तेव्हा संदीप ३९ वर्षांचा असेल.

म्हणून कुणी "ऑलिम्पिकला काय केलं?" असं विचारलं, तर आधी विचारा, त्याची शर्यत तिथं होती का? भेटू पुढच्या भागात.