संक्रांतीला नेमबाजीची स्पर्धा

आज बचतीचं, व्याजाचं किंवा शेळीपालनाचं बोलायचं नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या आम्ही नऊ गटांनी गेल्या संक्रांतीला एअर पिस्तुलाची नेमबाजी स्पर्धा घेतली, तिची हकीकत सांगायची आहे. ती घेताना काय चुकलं, तेही सांगणार आहोत.

पिस्तूल म्हटल्यावर दचकू नका. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायचं दुकान आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पाहिलंय म्हणजे बाजूला उभं राहून. बंदूक भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात आणि त्याची पिशवी आपल्या हातात.

स्पर्धेचं मूळ कारण मात्र वेगळं होतं. दरवर्षी संक्रांतीला आमचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम व्हायचा. गटात काही जणी एकट्या आहेत. कुणाचा नवरा आजाराने गेला, कुणाचा कर्जापायी. या बाया पैसे वेळेवर भरतात, बैठकीला सगळ्यांच्या आधी येतात. पण त्या दिवशी त्या मागे चहाच्या पातेल्यापाशी उभ्या राहायच्या. वाणाची रांग पुढून निघून जायची. आम्ही म्हणायचो, "अक्का, तुम्हीही या ना." त्या म्हणायच्या, "राहू द्या, चहा उतू जाईल." अशी कितीतरी वर्षं गेली. मग ठरवलं, यंदा असं काहीतरी करू की रांग एकच राहील. संगीत खुर्ची झाली, रांगोळी झाली, पण त्यात म्हाताऱ्या बसत नाहीत. त्याच सुमारास एका शाळकरी पोरीने मनू भाकरचं नाव काढलं.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने एअर पिस्तुलात दोन कांस्यपदकं मिळवली, एक एकटीने आणि एक सरबज्योत सिंगबरोबर. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती भारताची पहिली महिला नेमबाज. त्याच ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला रायफलमध्ये विश्वविजेती झाली. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्णपदक घेतलं. आणि वयाचं म्हणाल, तर उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो आणि प्रकाशी तोमर या जावा-जावांनी साठी ओलांडल्यावर पिस्तूल हातात धरलं. चंद्रो आजी नातीला सोडायला म्हणून गेल्या होत्या. त्यांच्यावर सिनेमासुद्धा निघाला. हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "मग आपल्याला काय धाड भरलीय?" तिथेच ठराव झाला.

गावात कुजबूज झालीच. "ह्या बायांना काय खूळ भरलंय? आता बंदुका चालवायल्यात का?" आम्ही भांडत बसलो नाही. तीन कामं मात्र कागदावर केली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेमबाजी शिकवणारे एक सर आहेत, त्यांना गाठलं. ग्रामपंचायतीला पत्र दिलं. पोलीस ठाण्याला दिवस, वेळ, जागा आणि पिस्तुलांची संख्या लेखी कळवली आणि पोच घेतली.

कायद्याची गोष्ट नीट ऐका. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंत नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. त्यापुढच्याला लागतो. म्हणून कुणाच्या घरातलं जुनंपानं काही आणायचं नाही. सरांनी स्वतःची तीन पिस्तुलं पावत्यांसह आणली आणि संध्याकाळी स्वतःच परत नेली. गावात एकही ठेवलं नाही.

जागा मिळाली ती शेतमालाच्या रिकाम्या गोदामाची. ते निवडण्याचं कारण म्हणजे त्याला एकच दार, तेही नेम धरणारीच्या पाठीमागे. समोरून कुणी येण्याचा प्रश्नच नाही. टेप लावून दहा मीटर मोजले आणि चुन्याची रेघ मारली. ऑलिंपिकमध्येही एअर पिस्तुलाला हेच अंतर असतं. लक्ष्याचं कार्ड 17 सेंटिमीटर चौरस, त्याच्या मधोमध दहा गुणांचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं. कार्डाचा मध्य जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर ठेवला. कार्डामागे जुन्या लुगड्यांच्या चिंध्या गच्च कोंबलेली खोकी आणि त्यामागे वाळूच्या पोत्यांची दुहेरी थर. नुसती भिंत किंवा पत्रा मागे ठेवू नका, छरा उलटून येतो. प्रत्येकीच्या डोळ्यांवर जाड काचेचा चष्मा, नंबरचा असेल तर त्यावरून.

नेम शिकवायला सरांनी एक रविवार दिला. खरे खेळाडू एका हाताने नेम धरतात. आमच्यासाठी टेबलावर वाळूची छोटी पिशवी ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात टेकवायची मुभा दिली. पिस्तुलाच्या पुढे माशी असते, मागे खाच असते. खाचेच्या मधोमध माशी दिसली पाहिजे आणि नजर माशीवर पाहिजे, कार्ड थोडं धूसर दिसलं तरी चालतं. चाप झटक्याने ओढायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा. आमच्या एका काकूंनी हे बरोबर ओळखलं. त्या म्हणाल्या, "सुईत दोरा ओवताना कसा आपोआप श्वास थांबतो, तसंच हाय हे."

त्या रविवारी न मागता एक फायदा झाला. कोणता डोळा नेमाचा हे बघताना एकेक डोळा झाकायला सांगितलं, तर तीन जणींना एका डोळ्याने कार्डच दिसेना. दोन डोळ्यांच्या भरवशावर त्यांनी वर्षं काढली होती. तिघींनाही तपासणीला पाठवलं, दोघींना मोतीबिंदू निघाला.

आता गणित. नऊ गट, प्रत्येकातून चार जणी, म्हणजे 36. प्रत्येकीला सरावाचे पाच आणि मोजायचे दहा छरे, म्हणजे 540. डब्यात 500 असतात, म्हणून दोन डबे. एका कार्डावर पाचच छरे, म्हणजे मोजताना भोकं एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येकी तीन कार्डं, एकूण 108. तीन पिस्तुलं, बारा फेऱ्या, फेरीला वीस मिनिटं, एकूण चार तास. प्रवेश फी 50 रुपये, तिचे 1,800 जमले. एकूण खर्च 3,600 झाला, उरलेल्यासाठी प्रत्येक गटाने 200 रुपये घातले. बक्षिसं तीन, स्टीलचे मोठे डबे, तिळगूळ भरलेले.

नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले आणि वाचता न येणाऱ्यांना म्हणून दाखवले. पिस्तूल नेहमी भरलेलंच आहे असं समजायचं. नळी कायम लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही. "भरा" म्हटल्यावर भरायचं, "सुरू" म्हटल्यावर सुरू करायचं, "थांबा" म्हटलं की त्या क्षणी थांबायचं. "भरा" आणि "सुरू" फक्त सर म्हणतील. "थांबा" मात्र कुणीही म्हणू शकतं, चहा वाटणारीसुद्धा.

आणि झालंही तसंच. चौथ्या फेरीत पाच वर्षांचं एक लेकरू आजीला शोधत दोरीखालून आत घुसलं. चहा घेऊन येणारी वहिनी ओरडली, "थांबा!" तिघींनी पिस्तुलं खाली ठेवली. काही झालं नाही, पण आमचे हातपाय गार पडले. दारावर कुणाला उभं करायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. त्यानंतर दोन जणी दारावर बसवल्या आणि लेकरं अंगणवाडीत नेली. तुम्ही हे पहिल्या मिनिटापासून करा.

अजून एक सांगतो. छरे शिशाचे असतात. शिसं पोटात जाणं वाईट, लहान लेकरांना आणि गर्भाला फार वाईट. म्हणून दिवस गेलेल्या दोघींना छऱ्यांजवळ जाऊ दिलं नाही, त्यांना बाहेर नाव नोंदवायचं काम दिलं. खाणं गोदामाच्या बाहेर आणि साबणाने हात धुतल्याशिवाय तिळगुळालाही हात लावायचा नाही.

दुपारी तीनला स्पर्धा संपली. गुण मोजले, कार्डावर प्रत्येकीची सही किंवा अंगठा घेतला आणि बक्षिसं वाटली. पहिल्या आलेल्या ताईंना शंभरातले 84 गुण, दुसऱ्या आल्या त्यांना 81. तिसऱ्या आल्या 77 गुणांवर आमच्या अक्का, चहाच्या पातेल्यापाशी उभ्या राहणाऱ्या. डबा हातात घेतला तेव्हा त्यांना तो कुठे धरावा ते कळेना. टाळ्या थांबेनात.

आणि मग कार्डांचा गठ्ठा बांधणारी दहावीची पोर आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, हे भोक नऊच्या रेषेला लागलंय, इथं आठ लिहिलंय." नियम असा आहे की छऱ्याचं भोक वरच्या वर्तुळाच्या रेषेला नुसतं शिवलं तरी वरचे गुण. दोन टेबलांवर तसं मोजलं होतं. तिसऱ्या टेबलावर, जिथे आम्ही स्वतः बसलो होतो, तिथे खालचे गुण धरले होते. ज्यांचं ते कार्ड होतं त्यांना 76 मिळाले होते. त्यांनी सही करून टाकली होती. विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असंल."

खरं सांगायचं तर आम्ही क्षणभर गप्प बसायचा विचार केला. एसटीची वेळ झाली होती. डबा अक्कांच्या हातात होता. काही जणी म्हणाल्याही, "राहू द्या की, त्या बिचारीला आयुष्यात पहिल्यांदा काही मिळालंय." ते अक्कांनी ऐकलं. त्या उठल्या, डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बिचारी म्हणून देत असाल तर मला नको. पुन्हा मोजा. माझं जेवढं हाय तेवढंच लिहा."

मग सगळीच, 72 कार्डं पुन्हा मोजली. सरांनी भिंग धरलं, दोघी मोठ्याने गुण म्हणत होत्या, तिसरी लिहीत होती, बाकीच्या भोवती उभ्या. तास गेला. त्या बाईंचे 78 झाले, अक्कांचे 77 च राहिले. आम्ही माइकवर चूक कबूल केली आणि डबा त्यांना दिला. त्यांनी घेतला, पण त्यातला अर्धा तिळगूळ अक्कांच्या पदरात ओतला. शेवटची एसटी चुकली. चाळीस किलो सोयाबीन वाहणाऱ्या टेम्पोत बसून मुखेडकडच्या बाया घरी गेल्या, गाणी म्हणत.

मैत्रिणींनो, या दिवसाने आम्हाला आमच्याच गटाकडे बघायला लावलं. "तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असंल" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. पासबुकावर, कर्जाच्या कागदावर, बँकेच्या अर्जावर, दाखवतील तिथे सही किंवा अंगठा. आमच्यावर विश्वास आहे म्हणून आम्हाला ते बरंही वाटायचं. पण चूक आमच्याच टेबलावर झाली होती आणि विश्वासामुळेच ती लपून राहिली असती. पुढच्याच बैठकीपासून नियम केला. सहीच्या आधी आकडा मोठ्याने वाचायचा आणि जिची सही तिने तो स्वतः बोलून दाखवायचा. पहिल्याच महिन्यात दोन हिशोब दुरुस्त झाले. त्यातला एक अक्कांचा. त्यांचा एक हप्ता आमच्याकडून लिहायचाच राहिला होता.

तुम्हालाही अशी स्पर्धा घ्यायची असेल तर खेळाडू घडवणारा शिक्षक आधी शोधा, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. शिक्षक मिळाला नाही, तर स्पर्धा घेऊ नका. पिस्तूल त्याचंच, जबाबदारीही त्याची आणि तुमची मिळून. दारावर माणूस, डोळ्यांवर चष्मा, हाताला साबण आणि मोजायला एकाऐवजी दोघी.

यंदाही संक्रांतीला गोदाम ठरलंय. रांग एकच असणार आहे. या वेळी चहा कुणी करायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. अक्कांनी आधीच सांगून ठेवलंय, "माझी चिठ्ठी निघाली तरी चहा माझी फेरी झाल्यावर."

तुमच्या गटात हे वाचून दाखवा, आणि या.