तूट कुणाच्या घरी गेली?

मी गोदीत ओझं उचलणारा माणूस. मॅट्रिकच्या पुढं गेलो नाही. हा कसला बजेटवर बोलतोय, असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. पण तूट मला कुणी शिकवायला नको. हजेरी बुडाली की आई वाण्याच्या वहीवर सामान आणते. आलं किती, गेलं किती, मधलं उसनं. सरकारचंही तेच. कर्ज सोडून जेवढं येतं त्याहून जास्त जातं, तो फरक म्हणजे राजकोषीय तूट. करोनाच्या 2020-21 सालात केंद्राची तूट देशाच्या एकूण उत्पन्नाच्या 9.2 टक्के होती. 2024-25 ला ती 4.8 वर आली. शहाणे लोक खूश. मी एवढंच विचारतो, कमी झाली ती कशी?

कमी व्हायचे रस्ते चार.

पहिला भरतीचा. भाऊच्या धक्क्यावर जाऊन बघा. ओहोटीला लाँच पार खालच्या पायरीला, भरतीला वर. लाँच कुणी उचलत नाही, पाणी उचलतं. देशात काम वाढलं, हाताला पैसा आला, की कर आपोआप वाढतो आणि तूट उतरते. 2007-08 ला ती अडीच टक्क्यांवर आली, त्यात मोठा वाटा या भरतीचा. म्हणून सरकारचं घर आपल्या घरासारखं नाही. त्याचा खर्च म्हणजे कुणाचा तरी पगार. मंदीत त्यानं हात आखडला तर पाणी आणखी ओसरतं.

दुसरा रस्ता, ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून कर घ्यायचा. सप्टेंबर 2019 मध्ये उलटंच झालं. कंपन्यांचा कर 30 टक्क्यांवरून 22 वर आणला. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी सोडले, हा आकडा सरकारचाच. त्यात मंदी होतीच. त्या वर्षी तूट 3.3 टक्के धरली होती, निघाली 4.6. साबणाच्या वडीवर मात्र माझ्या आईला आणि कंपनीच्या मालकाला कर सारखाच.

तिसरा रस्ता, वही बदलायची. रेशनच्या धान्याचे पैसे सरकारनं अन्न महामंडळाला वेळेवर द्यायचे. ते न देता काही वर्षं महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावलं. म्हणजे पोस्टात आपल्या आयाबायांनी टाकलेला पैसा. कर्ज महामंडळाच्या वहीत, सरकारची वही स्वच्छ! 2021 च्या बजेटात ते सगळं उघड्यावर घेतलं, तेव्हा तूट केवढी फुगली!

ही युक्ती जुनी आहे. बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थकारणावरचा ग्रंथ 1925 साली निघाला. त्यात हे सगळं आहे. 1857 नंतर इंग्रज सरकार तुटीत बुडालं होतं. 1870 साली लॉर्ड मेयोनं तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, रस्ते प्रांतांच्या गळ्यात मारले आणि पैसे दिले आधीच्या खर्चापेक्षा कमी. उरलेलं तुम्ही कर बसवून काढा. वरची तूट कमी झाली. खाली रयतेच्या बोडक्यावर बसली.

चौथा रस्ता, बिलच द्यायचं नाही. सरकारचा हिशेब रोखीचा. 31 मार्चपर्यंत जे दिलं तेवढाच खर्च. जे देणं आहे पण दिलं नाही, ते त्या वर्षाच्या वहीत नाहीच.

आता माझं सांगतो. अकरावीत होतो. शिष्यवृत्ती मंजूर होती. दिवाळी गेली, मार्च गेला, पैसे नाही आले. कॉलेज फी मागत राहिलं. बाप आधीच वाण्याच्या वहीत गळ्यापर्यंत. मी गोदीत आलो. त्या वर्षी माझे पैसे खर्च म्हणून कुठंच लागले नाहीत. तेवढ्यानं कुणाची तरी तूट कमी झाली. दोस्तांनो, मी त्या कमी झालेल्या तुटीतला एक आकडा आहे.

तूट वाढवत सुटा, असं मी म्हणत नाही. कर्जाला व्याज आहे, आणि व्याज फेडताना शाळाच आधी कापली जाते. तूट कमी व्हावीच. पण भरतीनं व्हावी, भरल्या खिशातून व्हावी.

पुढच्या बजेटला पेपरात आकडा वाचाल, तेव्हा टाळी वाजवायच्या आधी विचारा. कर कुणाचा वाढला? कुणाची वही लपवली? कुणाचं बिल राहिलं? तूट सहसा मरत नाही. ती घर बदलते. तिनं कुठल्या वस्तीत बिऱ्हाड केलं, तो पत्ता आपण शोधायचा.