मागचा नट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण, दहावी १९८५ची तुकडी)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू तुझ्या फियाटबद्दल बोल, पण वीस मिनिटांच्या आत आटप.’ गाडीबद्दल बोलायचं तर वीस मिनिटांत बॉनेटसुद्धा उघडून होत नाही. म्हणून मी एकाच नटाबद्दल बोलणार आहे. हसू नका. त्या नटाशी आपल्या वर्गातल्या एका माणसाचा संबंध आहे, आणि तो माणूस आज इथे नाही.

माझी गाडी १९७६ची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी १९८९ साली जुनी घेतली. नाव पद्मिनी असलं तरी घरात आणि रहाटणीत तिला कोणी पद्मिनी म्हटलं नाही, ती फियाटच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर, २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. पेपरात फोटो आला तेव्हा आपल्या ग्रुपवर चाळीस जणांनी मला तोच फोटो पाठवला होता.

या गाडीत कार्बोरेटर असतो. आताच्या गाड्यांत तो नसतो, तिथे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल फवारतो. ज्यांनी कार्बोरेटर पाहिला नाही त्यांनी लहानपणीचा ढेकणांवर मारायचा फ्लिटचा पंप आठवावा. वारा वेगाने गेला की खालच्या डब्यातलं औषध आपोआप वर ओढलं जायचं. कार्बोरेटर तेच करतो. हवेची वाट मध्ये अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून खेचलं जातं. त्या भोकाला जेट म्हणतात. जेटमध्ये केसाएवढी घाण अडकली तरी गाडी चढावर धापा टाकते. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, पाणीही ओढून घेतं. त्यामुळे पूर्वी वर्षातून एकदा उतरवायचा तो कार्बोरेटर मी हल्ली दोन-तीनदा उतरवतो.

उतरवायचा कसा? इंजिन थंड पाहिजे, बॅटरीची तार काढलेली पाहिजे आणि दहा फुटांत बिडी पेटलेली नको. एअर फिल्टरचा डबा काढायचा, पेट्रोलची नळी काढून तिच्या तोंडात बोल्ट खुपसायचा, चोकची तार आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी सोडवायची. हे शेंबड्या पोरालाही जमतं. मग राहतात फक्त दोन नट. कार्बोरेटर दोन स्टडवर बसतो, वरून दोन नट, तेरा नंबरचा पाना. पुढचा नट दारात उभ्या पाहुण्यासारखा समोर असतो. मागचा असतो कार्बोरेटरच्या पोटाखाली. त्याच्या बरोबर डोक्यावर पेट्रोलची वाटी, एका बाजूला थ्रॉटलची पट्टी. वरून गोटी बसत नाही, रिंग पाना शिरत नाही, आणि डोळ्यांनी तो दिसत तर नाहीच.

आपल्यापैकी बहुतेकांचे हात चेतकवर तयार झाले. चेतकचा कार्बोरेटर डब्यात असायचा, पण त्याचे दोन लांब बोल्ट वरून दिसायचे. बॉक्स पाना घातला की काम झालं. त्या सवयीने फियाटच्या मागच्या नटाशी कोणी झटापट केली, की त्याची बोटं सोलून निघतात आणि नटाचे कोपरे गोल होतात. कोपरे गेले की मग छिन्नी येते, छिन्नी आली की फ्लँज फुटतो.

इथे मला भूमितीच्या बाईंकडे वळायचं आहे. बाई, तुम्ही आम्हाला कंपासने सहा कंस मारून षटकोन काढायला लावायचात. मागच्या बाकावरून एकाने विचारलं होतं, ‘बाई, याचा उपयोग काय?’ तो आपला गॅरेजवाला. त्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही, वहिनी समोर बसल्या आहेत आणि तुम्हा सगळ्यांना तो कोण ते कळलंच आहे.

पुढे काळेवाडी फाट्याच्या बाजूला त्याने गॅरेज टाकलं. मी पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये लागलो. सुटीच्या दिवशी फियाट घेऊन त्याच्याकडे जायचो. एकदा त्याने माझ्या हातात साधा फिक्स पाना दिला आणि म्हणाला, ‘याचं तोंड दांड्याला सरळ आहे का वाकडं?’ मी टूलरूमचा माणूस, मायक्रॉनमध्ये बोलणारा, पण त्या नजरेने पाना कधी पाहिला नव्हता. तोंड वाकडं असतं. पंधरा अंशांनी. आणि ते मुद्दाम वाकडं केलेलं असतं.

नट सहा कोनी. म्हणजे साठ अंश फिरवला की पुन्हा तसाच दिसतो. तोंड सरळ असतं तर पाना काढून परत लावायला दर वेळी साठ अंश जागा लागली असती. पण तोंड पंधरा अंश वाकडं असल्यामुळे पाना उलटा केला की ते दुसऱ्या बाजूला पंधरा अंश झुकतं. दोन्हींत फरक तीस अंशांचा. म्हणून एकदा सुलटा, एकदा उलटा, असा पाना लावत गेलं की तीस अंशांच्या फटीत नट फिरत राहतो. एका फेऱ्याला बारा वेळा पालटायचा. पाच फेरे धरा, साठ वेळा. अर्थात पहिला फेरा निघाला की पुढचं काम बोटाच्या टोकाने होतं. बाई, षटकोनाचा उपयोग हा.

पण त्या कोपऱ्यात तीस अंशही मिळत नाहीत, कारण पान्याचा दांडा लांब. तो बाहेर कशाला तरी अडतो. म्हणून त्याने पाने कापले. बाजारातला स्वस्तातला तेराचा पाना घ्यायचा, दांडा चार बोटं ठेवून कापायचा, तापवून लाल करायचा आणि वाईसमध्ये धरून इंग्रजी ‘एस’सारखी वळी द्यायची. तापवल्याने पोलादाची कडकी थोडी जाते, पण एवढ्याशा नटाला चालतं. मी त्याला म्हटलं, ‘दांडा आखूड केलास तर जोर कसा लागणार?’ तो म्हणाला, ‘जोर लागूच नये म्हणून तर कापला.’ हे मात्र मला लगेच पटलं. कार्बोरेटरचा फ्लँज मऊ धातूचा. लांब पान्याने आवळला की तो केळ्यासारखा वाकतो, मधून हवा चोरते आणि गाडी उभी राहिली की थरथरते. मग लोक जेट बदलत बसतात. चार बोटांच्या पान्याने तेवढा जोर येतच नाही. खरं सांगतो, हा पाना त्याने पेटंट करायला हवा होता. तसे पाने जगभरच्या मेकॅनिकांनी आपापले कापलेत, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक युक्ती त्याचीच. मागचा नट सैल होतो, पण निघत नाही. वर चढत चढत तो वाटीच्या बुडाला टेकतो आणि अडकतो. अनोळखी माणसाला वाटतं आटे गेले. खरं म्हणजे पुढचा नट आधी पूर्ण काढायचा, आणि मग एका हाताने कार्बोरेटर थोडा थोडा वर उचलत दुसऱ्या हाताने मागचा नट फिरवायचा. दोघं बरोबर वर येतात. बसवताना उलट: कार्बोरेटर अधांतरी धरून मागच्या नटाला आधी दोन आटे पकडू द्यायचे, नंतर खाली बसवायचा. नट हातातून पडू नये म्हणून बोटाला ग्रीसचा ठिपका. लोहचुंबकावर विसंबू नका, कुणीतरी कधीतरी पितळी नट घातलेला असतो. आणि कार्बोरेटर उचलला रे उचलला की खालच्या भोकात स्वच्छ फडक्याचा बोळा. तिथे वायसर पडला तर पुढचा रविवारही गेला.

गंजलेल्या नटाला रात्रभर गंजतेल पाजायचं. ज्योत दाखवायची नाही, तिथे पेट्रोल आहे. सकाळी आधी केसभर आवळायचा, कट् असा आवाज आला की सोडवायला घ्यायचा. ‘आवळल्याशिवाय सुटत नाही,’ असं तो म्हणायचा आणि वर त्या वाक्याचा लग्नाशी संबंध जोडायचा. वहिनी, माफ करा.

२०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनात तो गेला. तेव्हा आपल्यापैकी कोणालाच त्याला खांदा देता आला नाही. गॅरेज आता त्याचा मुलगा चालवतो आणि उत्तम चालवतो. त्याच्याकडे स्कॅनर आहे, गाडीला लावला की दोष पडद्यावर येतो. मागच्या वर्षी जागा रिकामी करताना वडिलांची पत्र्याची पेटी त्याने भंगारात काढली होती. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वाकडे, कापलेले, काळे पडलेले लोखंडाचे तुकडे, वजनावर घालणार नाही तर काय करणार? मी तिथे कूलंट घ्यायला गेलो होतो म्हणून पेटी कुदळवाडीला न जाता माझ्या घरी आली.

पेटीत एकतीस पाने आहेत. प्रत्येकाला चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं: ‘फियाट मागचा’, ‘जीप खालचा’, ‘अँबॅसिडर मॅनिफोल्ड’, ‘मॅटाडोर स्टार्टर’. एका पान्यावर माझं आडनाव आहे. तो फक्त माझ्या गाडीसाठी कापलेला, कारण माझ्या स्टडवर आधीच्या मालकाने चौदाचा नट घातला होता. पुढे मी नट बदलला, पाना त्याने ठेवला.

माझी गाडी पुढच्या वर्षी पन्नास वर्षांची होते. २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे तिला विंटेज म्हणून नोंदवता येईल, पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला वगैरेच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. मला ती रोज कोकणे चौकापर्यंत भाजी आणायला न्यायची आहे. म्हणून साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करीन म्हणतो. पैसे जातील, जाऊ देत.

पेटी मी आज बरोबर आणली आहे. मागच्या टेबलावर, चहाच्या शेजारी ठेवली आहे. पाने हातात घेऊन बघा, परत जागेवर ठेवा. त्याचा मुलगाही आला आहे. गेल्या रविवारी त्याने पहिल्यांदा माझ्या गाडीचा मागचा नट काढला, वडिलांच्या पान्याने, पाऊण तासात. वडील सात मिनिटांत काढायचे, पण हे मी त्याला सांगितलं नव्हतं, आत्ता कळलं.

एकतीसपैकी सत्तावीस पाने कशाचे ते आम्हाला लागले. चारांवरच्या चिठ्ठ्या तेलाने पुसल्या गेल्यात. त्यांतला एक दहाचा आहे, दोनदा वळवलेला, तोंड घासून पातळ केलेला. तुमच्यापैकी ज्यांच्या गाड्या त्याच्याकडे असायच्या, त्यांनी चहा घेताना तेवढा एक बघून सांगा, हा कुठल्या गाडीचा.