अर्ज कुणाच्या नावाचा, प्रश्न कुणाचा?

(मुळशी तालुक्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर पौड येथे केलेल्या भाषणाचा संक्षिप्त भाग)



मुलींच्या शिक्षणाचा अभ्यास करणारे केंद्र आपल्या तालुक्यात असावे, त्यासाठी सरकारी अनुदान मागावे, असा विचार तुम्ही मांडलात. सरकारचा पैसा घ्यावा की नाही, यावर आपल्या चळवळीत पुष्कळ वाद झाले आहेत. माझे मत सरळ आहे. तो पैसा आपल्याच करांतून आलेला आहे, मागायला लाजू नये. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळांनाही सरकारच्या दक्षिणा फंडातून मदत मिळाली होती. मात्र पैसा घेताना आपण काय देऊन बसतो, ते आधी पाहावे.

1974 साली मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा अहवाल सरकारला सादर झाला. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोग अशा केंद्रांना अनुदान देऊ लागला. पुणे विद्यापीठातले केंद्र 1987 चे. हे चळवळीच्या रेट्याने झाले. पण ही अनुदाने पंचवार्षिक योजनेला बांधलेली होती. मार्च 2017 मध्ये बारावी योजना संपली आणि देशभरातल्या केंद्रांतल्या बायकांपुढे प्रश्न पडला की उद्या पगार होणार का? मुदतवाढ मिळाली तीही तुकड्या-तुकड्याने. पद मंजूर नसेल, तर दारावरची पाटी राहते आणि आतले माणूस जाते. म्हणून माझे म्हणणे, आज केंद्र मागू नका. एक प्रश्न घ्या आणि त्याच्या पाहणीपुरते पैसे मागा.

प्रश्न तुमच्या पायाखालीच आहे. याच तालुक्यात हिंजवडीची संगणक कंपन्यांची नगरी आहे, लवळ्याला खासगी विद्यापीठे आहेत, आणि धरणाच्या वरच्या अंगाला वाड्या-वस्त्या. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. दुसरीकडे 2023 साली राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले. त्यासाठी पुढे ठेवलेला नमुना शेजारच्या पानशेतचा. पट कमी म्हणजे खर्च जास्त, हे गणित कागदावर सोपे आहे. पण गाडी आली नाही त्या दिवशी मुलगा जातो आणि मुलगी घरी राहते का? पहिली पाळी आल्यावर किती जणींचे जाणे थांबते? शाळेच्या हजेरीपटावरून हे पुरते कळणार नाही. घरोघर जाऊन आयांशी बोलावे लागेल, आणि ते तुमच्याइतके कुणाला जमणार?

आता अर्ज. स्त्री-अभ्यास केंद्राची आयोगाची योजना फक्त मान्यताप्राप्त विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्यासाठी असते. समाजविज्ञान संशोधन परिषदेचे प्रकल्पही बहुधा विद्यापीठ किंवा नामांकित संशोधन संस्था यांच्यामार्फतच मिळतात. महिला मंडळाची नोंदणी, घटना, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब हे सगळे चोख हवेच. केंद्र सरकारच्या अनुदानासाठी ‘दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांकही हवा. पण एवढे असूनही तुम्हाला कुणाचा तरी हात धरावा लागेल, आणि खरा धोका तिथे आहे. अर्ज महाविद्यालयाचा, प्रमुख संशोधक प्राध्यापक, आणि तुम्ही माहिती गोळा करणाऱ्या बायका! 1921 साली याच खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. त्यात बायाही होत्या. त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत येते ते बहुतेक दुसऱ्यांच्या लिखाणातून.

तेव्हा अर्जावर सही होण्यापूर्वी महाविद्यालयाशी लेखी करार करा. प्रश्नावली तुमच्या बैठकीत ठरेल. भरलेल्या प्रश्नावलीची एक प्रत, बायांची नावे झाकून, मंडळाकडे राहील. अहवालावर पाहणी करणाऱ्यांची नावे असतील आणि तो मराठीत येऊन गावात वाचला जाईल. अंदाजपत्रकात पाहणी करणारीचे मानधन आणि एस.टी.चे भाडे स्वतंत्र लिहा. ‘किरकोळ’मध्ये टाकलेत तर पहिली कात्री तिथेच लागते. चळवळीतल्या बाईने फुकट राबावे, असे प्राध्यापकांना वाटते आणि पुष्कळदा आपल्यालाही वाटते. भाषांतर आणि छपाईचा खर्चही आताच लिहा, नंतर कुणी देत नाही.

हिशेबाचे दोन शब्द. अनुदान हप्त्यांनी येते आणि शेवटचा हप्ता अहवाल व उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर. म्हणजे काम संपते, पैसे मागाहून येतात. तेवढे महिने मानधन कोण देणार, हेही करारात हवे. अनुदानावर बँकेत मिळालेले व्याज आपले नसते, ते सरकारला परत करायचे. त्यातून घेतलेले कपाट आणि संगणकसुद्धा परवानगीशिवाय विकता येत नाही. घरखर्चातून चार पैसे बाजूला टाकायची आपली सवय इथे चालत नाही.

कराराचा मसुदा मी लिहून आणला आहे. चहानंतर तो कलमवार वाचू. मानधनाचा आकडा कोरा ठेवला आहे, तो तुम्ही सांगायचा.